तात्पुरत्या फोल्डरमधला आवाज

वाचा केंद्रात तिला सगळे दुप्पटताई म्हणायचे, आणि ते काही लाडाने नव्हे. तिच्या पर्समध्ये किल्ल्यांचे दोन जुडगे असत, चष्मे दोन असत, फोनचे चार्जर दोन असत. चष्मा हरवला म्हणून कोणी तिच्यापुढे रडगाणं गायलं तर ती हळहळायची नाही. विचारायची, "दुसरा कुठंय?" दुसरा नसेल तर तिच्या लेखी तो माणूस चष्मा घालायच्या लायकीचाच नसायचा. ही बाई चहासुद्धा दोन कपांत ओतून घेईल, एक सांडला तर असावा म्हणून, असं तिच्या पाठीमागे बोललं जायचं. तिला ते माहीत होतं, आणि त्यात चूक काय हे मात्र तिला कळत नव्हतं.

केंद्राचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर ती सांभाळायची. केंद्रात येणारी माणसं म्हणजे ज्यांचा आवाज जाणार हे आधीच कळलेली माणसं. आजारात ओठ, जीभ, घसा हळूहळू ऐकेनासे होतात. त्याआधी माणसाने यायचं, काचेच्या लहान खोलीत माइकसमोर बसायचं आणि आपल्या आवाजात वाक्यं बोलून ठेवायची. पुढे बोलणं थांबलं की टॅबलेटवरचं बटण दाबायचं, आणि टॅबलेट त्याच माणसाच्या आवाजात ते वाक्य म्हणतो. ही सगळी वाक्यं दूर दुसऱ्या शहरातल्या एका मशीन हॉलमध्ये, भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर राहायची. तो सर्व्हर दुप्पटताईने कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण त्याच्या डिस्कवर किती जागा उरली आहे हे तिला स्वतःच्या रक्तदाबापेक्षा नेमकं ठाऊक असायचं.

प्रत्येक आवाजाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, त्यातली एक लांब. हा तिचा नियम. नव्याने नोकरीला लागलेल्याला स्वच्छतागृह कुठे आहे हे सांगायच्या आधी ती हा नियम सांगायची.

तिचा दादा या सगळ्यावर हसायचा. तो गाडी शिकवायचा. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकाऊ माणूस घाबरून भलतंच पेडल दाबून बसला की गाडी थांबवायला. "तुझं ते बॅकअप म्हणजे माझा हा दुसरा ब्रेक," तो म्हणायचा. "लागत नाही तोवर सगळ्यांना वाटतं, ह्याचं कामच काय." गावातली निम्मी माणसं त्याच्या ओरडण्याखाली गाडी शिकली होती. "अरे, क्लच आहे तो, सासू नाही, घाबरतोस काय!" हे त्याचं वाक्य ऐकून लोक सिग्नलला शेजारच्या गाडीतून हसायचे. त्याने ओरडणं थांबवलं तरच शिकणाऱ्याला भीती वाटायची.

मग एका दिवशी त्याच्या तोंडून "ब्रेक" ऐवजी "बेक" निघालं. शिकणारी मुलगी हसली आणि तोही हसला. महिनाभराने मात्र त्याला कोणी हसेना, आणि डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा वहिनीने ते कागदावर लिहून मागितलं, कारण तिच्या लक्षात राहीना.

दुप्पटताईने त्याला ताबडतोब केंद्रात आणलं. पहिल्या बैठकीत थेरपिस्ट बाईंनी त्याच्याकडून नेहमीची ठरीव वाक्यं म्हणून घेतली. मला तहान लागली आहे. मला उजव्या कुशीवर वळवा. कृपया दार बंद करा. आपण कसे आहात? त्रास दिल्याबद्दल माफ करा. धन्यवाद. दादाने ती शाळेत उभं राहून कविता म्हणावी तशी म्हटली आणि बाहेर आल्यावर बहिणीला कोपऱ्यात घेतलं.

"हा कोण माणूस आहे गं?"

"कुठला?"

"हा दाराला कृपया म्हणणारा. मी आजारी पडलोय, सभ्य नाही झालो. असा माणूस माझ्याकडे आला तर मी त्याला गाडीत बसू देणार नाही."

"मग तुला काय बोलायचंय ते बोल की."

"त्या बाईसमोर? तिने ऐकून वहीत मांडायचं, अमुक शिवी, स्पष्ट, तमुक शिवी, थोडी अस्पष्ट? मग मी मुका बरा."

म्हणून सुट्टीच्या दिवशी, केंद्र बंद असताना, दुप्पटताई आपल्याजवळच्या किल्लीने कुलूप उघडून त्याला आत न्यायची. असं करायला परवानगी नव्हती. परवानगीचा नियमही तिनेच केला होता. ती काचेपलीकडे बसायची आणि दादा माइकसमोर सुटायचा. वहिनीसाठी: "चहात साखर घातलीस की साखरेत चहा?" शेजाऱ्यासाठी: "माझ्या दारात गाडी लावशील तर हवा सोडीन." पुन्हा कधी गाडीत बसणार नव्हता तरी "ब्रेक मार, ब्रेक!" हे त्याने पाच वेळा म्हटलं, कारण चार वेळा त्याला ते पुरेसं जोरात वाटलं नाही. शिट्टी वाजवली. वहिनीला जिन्यातून हाक मारायची त्याची एक पद्धत होती, नुसतं लांबलचक "एऽऽ", तेही घेतलं.

एका सुट्टीत तो म्हणाला, "आता तुझ्यासाठी." आणि माइकमध्ये म्हणाला, "जाऊ दे गं, शेंबडे."

लहानपणापासून तो तिला शेंबडीच म्हणायचा. तिच्या हातून काही फुटलं, सांडलं, हरवलं आणि ती रडायला लागली की तो हेच म्हणायचा आणि विषय संपायचा. आता पंचेचाळिशीच्या बाईला कोणी शेंबडी म्हणत नाही, तो म्हणायचा. ते त्याने एकदा रागाने म्हटलं, एकदा कंटाळून, एकदा हसत.

"तीनदा कशाला?" तिने काचेपलीकडून विचारलं.

"तूच म्हणतेस ना, सगळ्याच्या तीन प्रती पाहिजेत."

ही सगळी वाक्यं तिने सर्व्हरवर 'तात्पुरतं' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. रुग्णांच्या रीतसर फोल्डरमध्ये ठेवली असती तर ती थेरपिस्ट बाईंना दिसली असती. 'तात्पुरतं' हा केंद्राचा माळा होता. कोणीही काहीही टाकायचं, अर्धवट कापलेल्या फायली, चाचणीचे आवाज, खोकले. त्यामुळे बॅकअप उगाच फुगत होता म्हणून दुप्पटताईने पूर्वीच भांडून नियम करून घेतला होता की 'तात्पुरतं'चा बॅकअप होणार नाही. ज्याला आपलं काम टिकवायचंय त्याने ते जागच्या जागी ठेवावं. हे ती बैठकीत टेबलावर बोट आपटून बोलली होती. दादाचं ती जागच्या जागी ठेवणारच होती. एकेक वाक्य ऐकायचं, कापायचं, त्याला नाव द्यायचं, फार चावट असतील ती वेगळी काढायची, आणि मग हलवायचं. पुढच्या आठवड्यात.

पुढचा आठवडा आला की तो त्याच्या पुढच्या आठवड्यावर जायचा. कामाचा रगाडा आहे असं ती स्वतःला सांगायची, पण खरं कारण ते नव्हतं. एकदा तिने ऐकायला घेतलं होतं. पहिल्या सुट्टीतला दादा आणि शेवटच्या सुट्टीतला दादा एकापाठोपाठ कानात आले. पहिल्यातलं अक्षर न् अक्षर ठणठणीत होतं. शेवटच्यात त्याची जीभ जागोजाग घसरत होती, आणि तो ते लपवायला अधिक जोरात ओरडत होता. समोर बसून ऐकताना तिला हे जाणवलं नव्हतं, किंवा तिने जाणवू दिलं नव्हतं. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि पुन्हा घातले नाहीत.

मग सर्व्हर बदलायची वेळ आली. जुन्याचं वय झालं होतं. त्याच्यावरच्या सिस्टीमला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या, डिस्कही कुरकुरायला लागली होती. असं काम दुप्पटताईच्या हातचं. आधी जुन्याचा पूर्ण बॅकअप. मग नवा सर्व्हर उभा करायचा आणि बॅकअपमधून सगळं त्याच्यावर उतरवायचं. जो बॅकअप परत उतरवून पाहिला नाही तो बॅकअप नव्हेच, ती नुसती श्रद्धा, असं ती म्हणायची. मग दोन्हीकडच्या फायली मोजायच्या, मधूनमधून एखादी उघडून कानाने ऐकायची. काही दिवस दोन्ही सर्व्हर चालू ठेवायचे, कोणाची तक्रार येते का बघायचं. आणि मगच जुना पुसायचा. तोही असा की कोणालाही काही परत काढता येऊ नये. माणसांचे आवाज आहेत, जुना बाजार नव्हे.

हे सगळं तिने ओळीने केलं. दोन्ही आकडे शेवटच्या फायलीपर्यंत जुळले. जुळणारच होते. मोजणाऱ्या प्रोग्रामला तिनेच पूर्वी सांगून ठेवलं होतं की 'तात्पुरतं' मोजू नकोस. इकडे मोजलं नाही, तिकडेही मोजलं नाही, आणि हिशेब चोख लागला.

त्याच दिवसांत दादाच्या छातीत कफ भरला आणि त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. गिळता येईना म्हणून पोटात नळी घातली. दुप्पटताई वॉर्डबाहेरच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची. मशीन हॉलमधल्या माणसाचा फोन तिथेच आला. त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण कित्येक वर्षं फोनवर बोलून त्याला तिच्या खोकल्यावरून तिचा मूड कळायचा.

"ताई, जुना पुसायला घेऊ का? एकदा घेतला की मग कोणाच्या बापाला परत आणता येणार नाही."

"घ्या."

"बॅकअपच्या बाहेर काही राहिलं नाही ना? आपलं विचारून ठेवतो."

वॉर्डचं दार उघडून नर्स बाहेर आली आणि तिने वहिनीला आत बोलावलं. दुप्पटताईचं लक्ष तिकडे होतं, पण त्या प्रश्नाचा तिला रागही आला. ज्याला आपण पोहायला शिकवलं त्याने आपल्याला पाण्यात जपून उतरायला सांगावं, तसा.

"माझ्या बॅकअपच्या बाहेर काही नसतं," ती म्हणाली आणि फोन ठेवून आत धावली.

दादा वाचला. घरी आला तेव्हा त्याचं बोलणं जवळजवळ संपलं होतं. व्यंजनं गेली होती, नुसते स्वर उरले होते, आणि ते ऐकून दारातला कुरिअरवाला दचकला त्या दिवसापासून दादाने तोंड मिटलं ते मिटलंच. वहिनीशीसुद्धा तो बोलेना. उजव्या हाताची बोटं मात्र अजून त्याचं ऐकत होती. केंद्राकडून त्याचा टॅबलेट आला. थेरपिस्ट बाई दुप्पटताईच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या.

"चला, तुमच्या दादांचा आवाज भरूया. ठरीव वाक्यं टाकली मी. पण तुम्ही दोघांनी सुट्टीत बरंच काही केलंयत ना? मला कळत नाही असं समजू नका, खोलीत बिस्किटांचा चुरा पडलेला असायचा. द्या, मी ऐकणार नाही, नुसतं भरते."

दुप्पटताई हसली आणि तिने नव्या सर्व्हरवरचा 'तात्पुरतं' फोल्डर उघडला. फोल्डर होता. नव्या सर्व्हरने तो आपणहून बनवला होता. आत काहीच नव्हतं.

ती आणखी जागा शोधत सुटली. बॅकअपची लांबची प्रत: तिच्यात 'तात्पुरतं' नव्हतं, तिचाच नियम. स्वतःचा लॅपटॉप: रुग्णांचे आवाज कोणाच्याही लॅपटॉपवर राहणार नाहीत, हाही तिचाच नियम. काचेच्या खोलीतलं रेकॉर्डिंगचं मशीन रोज आपोआप साफ व्हायचं. ते तसं तिनेच लावलं होतं. तिने हयातभर इतकी दारं इतक्या नीट लावली होती की आता एक फट सापडेना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण तिने याच टेबलावरून किती जणांच्या तोंडावर मारली होती, ते तिला एकेक करून आठवलं.

"काय झालं?" थेरपिस्ट बाईंनी विचारलं. "सर्व्हर बदलताना त्या हॉलवाल्यांनी घोळ घातला की काय?"

"बघते," दुप्पटताई म्हणाली.

ते खोटं नव्हतं, आणि ते खरंही नव्हतं. ते बोलताना आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं.

त्या संध्याकाळी तिने नातेवाईकांना फोन लावले. कोणाच्या फोनमध्ये दादाचा आवाज आहे का? तो फोनवर निरोप ठेवणारा माणूस नव्हता. सगळ्यांकडून मिळून जे आलं ते एकच होतं, वेगवेगळ्या वर्षांतलं: "गाडीत आहे, नंतर करतो." एका चुलतभावाने कौतुकाने विचारलं, "तू एवढी बॅकअपवाली, तुला कशाला आमच्याकडचं लागतंय?" तिने त्याला काहीतरी थातुरमातुर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, थेरपिस्ट बाईंकडून कळल्यावर, केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनी मशीन हॉलला एक खरमरीत मेल पाठवला. एका रुग्णाचा आवाज तुमच्या निष्काळजीपणामुळे गेला, असं त्यात होतं. एक प्रत तिलाही आली. थोड्या वेळाने फोन वाजला.

"ताई," मशीन हॉलमधला माणूस म्हणाला, "मेल वाचला. मी त्या दिवशी विचारलं होतं ना तुम्हाला? का मीच विसरलो विचारायचं? साहेब मला विचारतायत, आणि मला आता खात्रीच वाटेना."

तो भांडायला फोन करता तर तिला सोपं गेलं असतं. तो खरोखरच विचारत होता. ज्याने विचारलं होतं त्यालाच आपण विचारलं की नाही याची शंका तिने यायला लावली होती.

"तुम्ही विचारलं होतं," ती म्हणाली. "दोनदा विचारलंत. चूक माझी आहे. मी आत्ता सांगते डॉक्टरांना."

"आवाज कोणाचा होता?"

"माझ्या दादाचा."

"अरेरे," तो म्हणाला. मग म्हणाला, "ताई, मी पुसलेली डिस्क परत बघतो हो, पण तुम्हाला माहितीये." तिला माहीत होतं. तसं पुसायला तिनेच शिकवलं होतं त्याला.

डॉक्टरांसमोर ती बसली नाही, उभ्यानेच बोलली. बंद केंद्र उघडलं, आवाज बॅकअप नसलेल्या जागी ठेवले, महिनोन् महिने हलवले नाहीत, काल विचारल्यावर गप्प राहिले. डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाकीच्यांचे आवाज?"

"सगळे जागच्या जागी आहेत. फक्त त्याचाच गेला."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर क्षणभर हायसं वाटल्याचं दिसलं आणि त्यांनी ते लगेच आवरलं. तिने ते पाहिलं, आणि तिला त्यांचा राग आला नाही. शेकडो घरांपैकी एकच घर बुडालं होतं, कोणालाही हायसं वाटलं असतं. "घरी सांगितलंत?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली, नाही. "मग इथे काय करताय?" ते म्हणाले.

दादाची खोली रस्त्याच्या बाजूला होती. खिडकीतून खाली त्याची शिकवायची गाडी दिसायची, धूळ बसलेली, छतावर अजून पाटी. ज्या खिळ्याला तो गाडीची किल्ली लावायचा त्या खिळ्याला आता नळीतून द्यायच्या अन्नाची पिशवी टांगलेली होती. टॅबलेट एका लोखंडी हाताला लावून त्याच्या छातीसमोर आणलेला. दुप्पटताई आली तसा तो डोळ्यांनी हसला, आणि त्याने भुवया उडवून टॅबलेटकडे खूण केली. भर. कधीपासून वाट बघतोय. वहिनी दारात उभी होती. तिने या कामासाठी चांगली साडी नेसली होती.

तिला एकदम आठवलं, लहानपणी बरणी फुटली की ती आधी पळून जायची आणि मग दादाला तिला शोधत यावं लागायचं. आता शोधत येणारा माणूस पलंगावर होता. ती खुर्ची ओढून त्याच्या तोंडासमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. काही सोडलं नाही, काही मऊ केलं नाही. "ऐकवत नव्हतं म्हणून मी हलवलं नाही," हेही सांगितलं. "तू मला दुसरा ब्रेक म्हणायचास. मी लागलेच नाही रे."

वहिनी म्हणाली, "म्हणजे माझं... ते साखरेचं?"

"ते पण."

"आणि ती जिन्यातली हाक?"

"सगळंच गेलं, वहिनी."

"मी त्या हाकेसाठी रोज जिन्याचं दार उघडं ठेवायचं म्हणत होते," वहिनी म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

दादाचे डोळे तिच्यावरच होते. त्याचा चेहरा आता फारसं काही दाखवू शकत नव्हता, पण मान तांबडी होत चालली होती, आणि दादाची मान तांबडी झाली की पुढे काय यायचं हे तिला पाळण्यापासून माहीत होतं. यावं असं तिला वाटत होतं. त्याने धडाधड बोलावं, शेजाऱ्यांनी खिडक्या उघडाव्यात. त्याचं बोट वर आलं, स्क्रीनवर फिरलं, थांबलं, आणि त्याच्या ठणठणीत, शाळकरी, सभ्य आवाजात टॅबलेट म्हणाला:

"कृपया दार बंद करा."

ती उठली. दार आतून बंद करायचं की बाहेरून, हे तिने त्याला विचारलं नाही. बाहेर जाऊन तिने दार ओढून घेतलं आणि चपलांच्या कपाटाला टेकून उभी राहिली. त्याच्या सगळ्या शिव्या तिने घालवल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी आज तिच्या हक्काच्या होत्या.

आतून आवाज आला. "कृपया दार बंद करा."

दार बंदच होतं.

"कृपया दार बंद करा. कृपया दार. कृपया. कृप. कृप. कृ. कृ. कृ. कृ."

वहिनी ओल्या हातांनी बाहेर आली. "काय गं, बिघडलं की काय ते?"

"बिघडलं नाही," दुप्पटताई म्हणाली. "शिव्या देतोय."

दोघी ऐकत उभ्या राहिल्या. वाक्य संपायच्या आत तो पुन्हा बटण दाबत होता आणि त्या सभ्य माणसाची मानगूट धरून त्याला शिव्या हासडायला लावत होता. कृ, कृ, कृ, मध्येच एक लांब "कृपयाऽ दा", आणि पुन्हा कृ, कृ. क्लचवरून पाय न सोडणाऱ्या माणसाला तो असाच झापायचा. आधी वहिनीला हसू फुटलं, मग हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ओल्याच हाताने तिने डोळे पुसले.

"जा आत," ती म्हणाली. "खा शिव्या. तुझ्याच आहेत त्या."

ती आत गेली. दादाने तिला पाहिलं, आणखी दोनदा कृ कृ केलं, मग त्याचं बोट दमलं. कपाळावर घाम होता. तिने तो टिपला, आणि त्याने टिपू दिला. मग त्याने पुन्हा स्क्रीनवर बोट ठेवलं. पहिलं पान सरकवलं, तहान, कूस, दार. दुसरं पान, आपण कसे आहात, धन्यवाद. तिसरं. तीनच पानं होती. तो परत पहिल्यावर आला आणि पुन्हा हळूहळू शोधू लागला.

तो काय शोधतोय ते तिला कळलं. त्या ठरीव वाक्यांत माफी मागायचं वाक्य होतं. द्यायचं नव्हतं. ती वाक्यं ज्यांनी ठरवली त्यांना वाटलं असावं, आजारी माणूस फक्त मागतो.

"ते नाही रे त्यात," ती म्हणाली. "ते तिकडे होतं. तिन्ही एकाच ठिकाणी होती."

दादाने बोट काढलं. हाताच्या पालथ्या बाजूने त्याने टॅबलेटचा लोखंडी हात ढकलला, तो भिंतीकडे वळून थांबला. आणि कुरिअरवाला दचकला त्या दिवसापासून मिटलेलं तोंड त्याने उघडलं.

"आऊ ए अं," तो म्हणाला. मग थांबून, लाळ पुसून, श्वास गोळा करून, "ए अ ए."

रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही त्यात शब्द सापडला नसता. तिला सगळे सापडले, शेवटचा तर लगेच. तीनपैकी तो कुठला होता, रागाचा, कंटाळलेला की हसरा, ते मात्र ओळखता येईना, कारण सूर उरलाच नव्हता. पुन्हा म्हण असं त्याला सांगायची तिची हिंमत झाली नाही. एवढ्या बोलण्याने त्याची छाती वरखाली होत होती.

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. इतक्या दिवसांनी तिने त्याचं तोंड उघडलेलं पाहिलं होतं.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

दुप्पटताईने तिच्याकडे पाहिलं, सांगायला म्हणून तोंड उघडलं, आणि त्याचे ते शब्द आपल्या तोंडून दुसऱ्यांदा म्हणणं तिला जमलं नाही.